मास्तर राहणार की जाणार

फुटबॉल क्लबची बस चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे सावकाश म्हणत. वळणावर तो गाडी इतकी हळू घ्यायचा की मागून एखादा खेळाडू ओरडायचा, "उतरून ढकलू का?" त्यावर तो आरशात न बघता म्हणायचा, "सावकाश जाऊ. मैदान कुठे पळून जात नाही." हेच त्याचं नाव पडलं. पुढे पुढे बायकोही चारचौघांत त्याचा उल्लेख तसाच करायला लागली.

तो जन्माचा सावकाश नव्हता. तरुणपणी तो लांब पल्ल्याची प्रवासी बस चालवायचा आणि वेळेआधी गाडी पोहोचवण्याबद्दल त्याची ख्याती होती. एका धुक्याच्या सकाळी आडरस्त्यातून एक सायकलवाला अचानक समोर आला. चौकशी झाली, साक्षी झाल्या, चूक सायकलवाल्याची ठरली. सावकाश सुटला. पण त्यानंतर स्टेअरिंगवर हात ठेवला की त्याची बोटं आखडायची, डोळ्यांपुढे पांढरं पांढरं व्हायचं. मालक भला माणूस. त्याने कामावरून काढलं नाही, डेपोत गाड्या धुवायला ठेवलं. जुने सोबती त्याच्यासमोरून गाड्या बाहेर काढायचे आणि तो रबरी नळी हातात धरून बाजूला सरकायचा. अशी दोन वर्षं गेली.

क्लब बस भाड्याने घ्यायचा तो याच डेपोतून. त्या सुमारास क्लबला नवा मॅनेजर आला. मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, सराव घेणारा आणि हरल्यावर सगळ्यांच्या वाटच्या शिव्या खाणारा माणूस. तो एका सकाळी स्वतः गाडी बघायला आला. आत चढला, सीटवरून बोट फिरवलं, खाली उतरून विचारलं, "ही कुणी धुतली?"

सावकाशने हात पुसत मान हलवली.

"चालवता का?"

"चालवायचो."

"मग आता?"

डेपोत त्याची हकिगत सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे ती स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी आली. त्याने चार वाक्यांत सांगून टाकली. मॅनेजरने ऐकून घेतलं, किल्ली मागवली, त्याच्या ओल्या हातात ठेवली आणि स्वतः ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. "डेपोला एक चक्कर मारा. कितीही वेळ लागू द्या."

चक्कर पुरी झाली तेव्हा सावकाशचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"परत येताना माझी मुलं गाडीत झोपतात," मॅनेजर म्हणाला. "ज्याला कधी भीती वाटली नाही अशा माणसाच्या हाती मी त्यांना देणार नाही. शनिवारी तुम्हीच या."

पुढे सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत मॅनेजरचे मास्तर झाले. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ते खेळाडूंना फळ्यापुढे बसवायचे, म्हणून शहराने त्यांना हे नाव दिलं. खालच्या गटात लोळत पडलेला संघ त्यांनी वर आणला, मोठमोठ्या क्लबांना घरच्या मैदानावर पाणी पाजलं. ज्या शहराचं नाव हवामानाच्या बातम्यांतसुद्धा यायचं नाही, ते आता लोक छाती फुगवून सांगायला लागले. केशकर्तनालयाच्या आरशाशेजारी मास्तरांचा फोटो लागला. आणि दर सामन्याला जाता-येता मास्तर सावकाशच्या मागच्याच सीटवर बसायचे, कधी मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचे, कधी गुडघ्याच्या दुखण्याबद्दल. फुटबॉलचा विषय गाडीत क्वचितच निघायचा.

सावकाशला फुटबॉलचं वेड लावलं ते त्याच्या थोरल्या भावाने. वडील गेले तेव्हा थोरल्याने शाळा सोडून कारखान्यात लेथवर काम धरलं आणि धाकट्याला वाढवलं. सुट्टीच्या दिवशी त्याचं बोट धरून तो मैदानावर न्यायचा, आणि पुढे उंच माणसं आली की खांद्यावर घ्यायचा. यंत्रांच्या घरघरीत थोरल्याचे कान कामातून गेले आणि त्यापायी आवाज चढत गेला. मैदानात तो ओरडला की पलीकडच्या गोलकीपरला ऐकू जायचं. त्याला सगळे भोंगा म्हणत. चाहत्यांच्या मंडळाचा पुढारी तोच. दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, भोंगा खाली, सावकाश वर. मध्ये एक लाकडी जिना.

सातव्या वर्षी दिवस फिरले. क्लबच्या ऑफिसने दोन चांगले खेळाडू विकले, तिसऱ्याचा घोटा मोडला, आणि संघ हरायला लागला. मास्तरांचा करार हंगामाबरोबर संपत होता. तो वाढवणार की नाही, हे ऑफिस सांगेना. कुणीही विचारलं की एकच उत्तर, "योग्य वेळी कळवू." मग अफवांना ऊत आला. कुणी म्हणे मास्तरांना मोठ्या क्लबने गळाला लावलंय. कुणी म्हणे अध्यक्षांशी वाजलंय. कुणी शपथेवर सांगे की त्यांच्या दारात सामान वाहणारी गाडी पाहिली. चाहत्यांत दोन तट पडले, राहू द्या म्हणणारे आणि जा एकदाचे म्हणणारे. भोंगा कुठल्याच तटात नव्हता. त्याचा मास्तरांवर जीव होता आणि म्हणूनच त्याला झोप लागेना. "जाणार असतील तर रडून मोकळं होऊ," तो म्हणायचा. "राहणार असतील तर नाचू. पण हे असं लटकत ठेवलेलं नाही सोसवत."

आणि सगळे येऊन विचारायचे सावकाशला. रोज मास्तरांच्या पुढ्यात बसणारा माणूस, त्याला ठाऊक नसेल तर कुणाला? औषधाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, जिन्यात, सगळीकडे तोच प्रश्न. दाढ दुखते म्हणून तो दातांच्या डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबल्यावर हळूच विचारलं, "राहणार ना?" त्याला बोलता येईना. डॉक्टरांनी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला, आणि संध्याकाळपर्यंत मास्तर जाणार ही बातमी पक्की झाली.

"तुम्हाला काही माहीत नाही हे कुणाला पटत नाही," बायको वैतागून म्हणाली, "आणि मला दुकानात लोक घेरतात. निदान काहीतरी सांगून तरी टाका."

"माहीतच नाही तर काय सांगू?"

हे अगदी खरं होतं. मास्तर अलीकडे गाडीत बोलतच नसत. खिडकीला डोकं टेकवून बाहेर बघत बसायचे. सावकाशला वाटायचं, जाणत्या माणसाचं गप्प बसणं ते. मनात सगळं ठरलेलं असेल, वेळ आली की सांगतील.

एका संध्याकाळी खेळाडूंना सोडून गाडी डेपोकडे चालली होती. मास्तर आपल्या घराच्या कोपऱ्यावर उतरायचे, त्या दिवशी उतरले नाहीत. पुढे रस्त्याकडेला मोकळी जागा दिसल्यावर म्हणाले, "जरा बाजूला घेता?"

सावकाशने गाडी उभी केली. इंजिन बंद झाल्यावर रिकाम्या बसमध्ये फार शांत वाटायला लागलं.

"एक विचारू?" मास्तर म्हणाले.

"विचारा ना, साहेब."

"तुमच्या कानावर काही आलंय का? माझ्याबद्दल? ऑफिसात काय ठरतंय ते?"

आपण चुकीचं ऐकलं असं सावकाशला वाटलं. तो सीटवर वळून बसला. "साहेब, मला कोण सांगणार? सगळे मलाच विचारतात. त्यांना वाटतं तुम्ही मला सांगता."

मास्तर हसले, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं. "अध्यक्ष फोन घेत नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, योग्य वेळी बोलू. पेपरवाल्यांना जे सांगतात तेच मलाही. मला वाटलं, तुमचे भाऊ चाहत्यांचे पुढारी. लोकांना कुठून कुठून कळतं. त्यांना काही..."

"दादाला कळलं असतं ना साहेब, तर सगळ्या शहराला ऐकू गेलं असतं."

या वेळी मास्तर खरंच हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. "घरमालक विचारतो, पुढच्या वर्षी राहताय का. मुलीच्या शाळेत विचारतात. बायको म्हणते खोकी आणून ठेवू का. मी तिला थांब म्हणतो. कशासाठी थांब म्हणतो, मला कळत नाही." चष्मा परत लावला. "संघासमोर उभा राहतो तेव्हा पोरं माझ्या तोंडाकडे बघत असतात. त्यांना वाटतं मला माहीत आहे. हे कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

त्या दिवसापासून सावकाशच्या जिवाला घोर लागला. आधी त्याला काहीच ठाऊक नव्हतं आणि तो बिनघोर नाही म्हणू शकत होता. आता एक गोष्ट ठाऊक झाली होती आणि तीच सांगायची नव्हती. ज्यांच्या भरवशावर तो पुन्हा स्टेअरिंगला हात लावू शकला, ते मास्तर आपल्याच पोटापाण्याची खबर एका ड्रायव्हरला विचारत होते. बायकोलाही त्याने कळू दिलं नाही.

भोंग्याच्या मात्र लक्षात आलं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरं खालीच एकत्र जेवायची. वाढता वाढता वहिनीने सहज विचारलं, "मग काय भावोजी, काही कळलं का?" आणि सावकाश ताटाकडे बघत म्हणाला, "मला काही माहीत नाही."

भोंग्याने हातातला घास खाली ठेवला. "इतके दिवस तू माझ्याकडे बघून सांगायचास. आज खाली काय बघतोस?"

"काही नाही, दादा."

"माहीत आहे तुला."

"जेव ना."

"सगळे लोक मला विचारतात, तुझ्या घरातच माणूस आहे आणि तुला पत्ता नाही? माझी मान खाली जाते रे. त्यांनी तुला उभं केलं, मला मान्य आहे. मी त्यांचे पाय धरीन. पण तुला वाढवलं कुणी?"

वहिनी म्हणाली, "अहो, काय बोलताय!" पण बोलायचं ते बोलून झालं होतं. सावकाश हात धुऊन वर गेला. त्यानंतर जिन्यात समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे सरकून एकमेकांना वाट द्यायचे आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. खालून वर येणारी वाटी बंद झाली, वरून खाली जाणारं वर्तमानपत्र बंद झालं.

हंगामातला शेवटून दुसरा सामना बाहेरगावी होता. त्यात संघ वाईट हरला. परतताना गाडीत कुणी झोपलं नाही. दिवस अजून मावळायचा होता, बस क्लबच्या फाटकाकडे वळली आणि सावकाशला समोर माणसंच माणसं दिसली. सगळा रस्ता भरला होता. मधोमध ढोल गळ्यात अडकवून भोंगा उभा होता.

गर्दीने बस चहूकडून वेढली. पत्र्यावर थापा पडायला लागल्या. "मास्तर, सांगा! मास्तर, सांगा!" कुणी "राहा" ओरडत होतं, कुणी "चालते व्हा". मागच्या बाजूने एक दगड आला आणि काचेला तडा गेला. "मागे घ्या गाडी!" गोलकीपर ओरडला. मागेही माणसं होती. पुढे, अगदी बंपरला लागून एक जण सायकल धरून उभा होता, मागच्यांच्या रेट्याने पुढे पुढे ढकलला जात होता. सावकाशच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. बोटं आखडली. त्याने डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून स्टेअरिंगवरून सोडवली, गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.

मास्तर उठून दाराशी आले. "उघडा. मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार, साहेब?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"तुम्ही आत थांबा," असं म्हणून सावकाश स्वतः उतरला आणि दार मागे ओढून घेतलं. लोकांनी त्याला ओळखलं, वाट दिली. तो भावासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, लोकांना घरी ने."

"काय?" भोंग्याने कानामागे हात धरला.

"म्हटलं, लोकांना घरी ने! काच फुटली. आत पोरं आहेत!"

"दगड मारणाऱ्याला मी बघून घेतो! पण मास्तरांना बाहेर काढ! काय ते एकदा त्यांच्या तोंडून कळू दे!"

"त्यांना सांगता येणार नाही."

"काय?"

"त्यांना नाही सांगता येणार!"

"का नाही? ऐकू येत नाही, मोठ्याने बोल!"

सावकाश जन्मात कधी ओरडला नव्हता. अपघाताच्या दिवशीही त्याच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. तो आता फुटला, आणि तो भोंग्याच्याच रक्ताचा होता. "त्यांना माहीत नाही! त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही! ते मला विचारतात, दादा, मला! तुम्ही ज्याला विचारता त्यालाच ते विचारतात!"

ढोल थांबला. पुढचे गप्प झाले, मग त्यांच्या मागचे, आणि शांतता मागे मागे सरकत गेली. पत्र्यावर पडलेले हात खाली आले. भोंगा काचेतून आत बघत होता. आत मास्तर दाराच्या दांडीला धरून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. सगळ्या बसने ऐकलं होतं.

"मग कुणाला माहीत आहे?" मागून एका बाईचा आवाज आला. बरीच डोकी फाटकापलीकडच्या ऑफिसच्या खिडक्यांकडे वळली. भोंग्याने गळ्यातला ढोल उतरवला, सायकलवाल्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं आणि हाताने वाट करायला लागला. सावकाश गाडीत चढला तेव्हा मास्तर त्याच्या मागच्या सीटवर नव्हते. ते पार मागे, राखीव खेळाडूंत जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी ती गोष्ट शहरभर झाली, पेपरात आली. भोंग्याने माणसं घेऊन ऑफिस गाठलं आणि अध्यक्षांच्या दारात बसकण मारली. आठवडा संपायच्या आत ऑफिसने जाहीर केलं की करार वाढवण्यात येणार नाही, मास्तरांच्या सेवेबद्दल क्लब ऋणी आहे. हे आधीच ठरलेलं होतं, की त्या ओरडण्याने ऑफिसची नाचक्की झाली म्हणून ठरलं, हे सावकाशला कधीच कळलं नाही. विचारायची सोयही नव्हती.

शेवटच्या सामन्याला मैदान गच्च भरलं. एरवी सावकाश सामना संपेपर्यंत बसमध्येच बसायचा. त्या दिवशी तो वरच्या पायऱ्यांवर भावाशेजारी जाऊन उभा राहिला. सामना बरोबरीत सुटला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तर मैदानाच्या कडेकडेने चालत सगळीकडे फिरले. लोक उभे राहिले. कुणाला घोषणा सुचेना. भोंग्याने हात तोंडाशी नेला, पण आवाज निघाला नाही. तो तसाच उभ्या उभ्या रडला. रडता रडता त्याने धाकट्याचा खांदा घट्ट धरला. "त्या दिवशी जेवताना मी जे बोललो..."

"राहू दे, दादा."

"काय?"

"राहू दे म्हटलं!"

मास्तरांनी घर सोडलं त्या सकाळी सावकाश न बोलावता मदतीला गेला. त्यांच्या बायकोने दार उघडलं, आत खोक्यांचे ढीग लागले होते. मुलगी खिडकीत बसून वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. मास्तरांनी आणि त्याने मिळून टेबल खाली नेलं, कपाट नेलं. शेवटी जिन्याच्या वळणावर गादी टेकवून दम खाताना सावकाश म्हणाला, "साहेब, माझं चुकलं. मी शब्द दिला होता."

मास्तर म्हणाले, "तुम्ही बोलला नसतात तर आणखी काचा फुटल्या असत्या. पोरांना लागलं असतं. मला कळतं ते."

सावकाशला जरा बरं वाटलं, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आणि बोललात ते खरंच होतं. पण ते माझं होतं. मी दोनच माणसांना सांगितलं होतं. एक ही, आणि एक तुम्ही."

सावकाशने गादीचं टोक सरळ केलं.

"धरा तिकडून," मास्तर म्हणाले. दोघांनी गादी उचलली आणि खाली नेली. गाडी निघताना त्यांनी सावकाशचा हात हातात घेतला, नीट घेतला, तोंडदेखला नव्हे. मुलीने खिडकीतून हात हलवला.

नंतर त्यांचा फोन आला नाही. सावकाशनेही केला नाही. कितीदा तरी नंबर काढायचा आणि काय बोलावं हे न सुचून ठेवून द्यायचा. मास्तरांनी लांबच्या एका गावात लहानसा संघ धरल्याचं त्याने पेपरात वाचलं. आता सुट्टीच्या दिवशी तो आधी त्या संघाचा निकाल शोधतो, मग आपल्या. ते हरलेले असले की बायको त्याला दोन तास कुठलंही काम सांगत नाही.

नवा मॅनेजर तरुण आहे, स्वतःच्या मोटारीने येतो. क्लबची बस अजून सावकाशच चालवतो. नव्या हंगामात संघ सलग तीन सामने हरला आणि पायऱ्यांवर पुन्हा कुजबुज सुरू झाली. आता सामन्याला भावाशेजारीच उभ्या राहणाऱ्या सावकाशकडे झुकून एक जण म्हणाला, "काय हो, हा टिकेल असं वाटतं का? तुमच्या कानावर काही आलं असेल ना?"

सावकाशने तोंड उघडायच्या आत भोंगा खेकसला, "त्याला विचारायचं नाही! ऑफिस तिकडे आहे, तिथे जाऊन विचारा!" आवाज इतका मोठा होता की खाली मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या नव्या मॅनेजरनेही दचकून मान वर केली. भोंग्याने त्याला बघून हात केला. त्यानेही, जरा गोंधळून, हात केला आणि परत खेळाकडे वळला.